विहिरीला पाणी लागेपर्यंत

माझ्या थोरल्या जाऊबाईंना त्यांच्या कामावर सगळे 'पाणीवाल्या बाई' म्हणायचे. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटलं, त्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत असतील. आमच्या नळाला धार बारीक येते म्हणून मी पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडे तक्रार केली. त्यांनी बादली बाजूला सारली, नळाची जाळी काढून धुतली, परत बसवली आणि म्हणाल्या, "हे माझं खातं नाही, पण आता येईल." आणि मग हसल्या. तेव्हापासून आमचं जमलं. माझा नवरा त्यांना वहिनी म्हणतो, म्हणून मीही वहिनीच म्हणते.

त्यांचं खातं वेगळंच होतं. शहराच्या कडेला, ट्रक दुरुस्तीच्या दुकानांच्या मागे, एक उंच पत्र्याची शेड आहे. तिथे तेलविहिरींसाठी मीटर बनतात. जमिनीच्या किंवा समुद्राच्या पोटातून वर येतं ते काही निव्वळ तेल नसतं. त्यात पाणी असतं, वायू असतो, आणि सगळं एकत्र फेसाळत नळीतून धावत येतं. त्यात पाणी किती हे बघायचं तर पूर्वी तोटी उघडून बाटली भरायची, ती ठेवून द्यायची आणि तेल वर, पाणी खाली बसलं की मधली रेघ वाचायची. वहिनींचं मीटर हे वाहत्या नळीतच सांगायचं. नळीचा हातभर तुकडा धातूऐवजी चिनी मातीसारख्या पांढऱ्या, कठीण वस्तूचा. त्याच्या एका अंगाला रेडिओलहरी सोडणारी पट्टी, समोरच्या अंगाला त्या टिपणारी.

"तेलातून लहर सुळकन जाते," भांडी पुसता पुसता त्यांनी मला समजावलं होतं. "वायूतून तर त्याहून सुळकन. पाण्यात मात्र तिचे पाय जड होतात. ती किती रेंगाळली, किती दमून बाहेर आली, त्यावरून आत पाणी किती ते कळतं. नळी फोडायची नाही, थांबवायची नाही, आत डोकावायचं नाही."

मी म्हटलं, म्हणजे आपल्या सासूबाईच. त्याही आमच्या खोलीत न डोकावता सगळं सांगतात. वहिनींच्या हातातून ताटली पडता पडता वाचली.

दादा, म्हणजे त्यांचा नवरा आणि माझे थोरले दीर, त्याच शेडमध्ये फिटर होते. वहिनी मीटर तपासायच्या आणि दादा नळ जोडायचे. एका गळक्या जोडावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं म्हणे. जोड तुमचा ढिला, नाही, आकडा तुमचा चुकीचा. शेवटी दोन्ही खरं निघालं. पुढच्या वर्षी लग्न झालं. एकाच ठिकाणी कामाला म्हणून घरातही दोघं एकमेकांना अरे-तुरे करत. सासूबाईंना ते सुरुवातीला खटकलं, मग त्यांनी ऐकू येत नाही असं सोंग घेतलं.

शेडचं पहिलं मीटर समुद्रातल्या एका विहिरीवर बसवायचं ठरलं, तेव्हा दादा ते घेऊन गेले. दोन महिन्यांत परततो म्हणाले होते. पण तिथल्या लोकांना त्यांचं काम आवडलं आणि विहीर चालू आहे तोवर मीटर सांभाळायला हाच माणूस हवा, असा त्यांनी आग्रह धरला. शेडच्या साहेबांनी दादांना शब्द दिला की विहीर बंद झाली की शेडशेजारच्या वर्कशॉपमध्ये कायमची जागा तुझी. मधेच सोडून आलास तर मात्र माझे हात बांधलेले आहेत. त्या दिवसांत कामं मिळत नव्हती. माझा नवराही घरी बसला होता. दादा राहिले. वर्षातून एकदा महिनाभर घरी यायचे, बाकी सगळा काळ त्या लोखंडी मचाणावर. तिथले लोक त्याला प्लॅटफॉर्म म्हणतात. सासूबाईंनी बरेच दिवस विचारलं, की प्लॅटफॉर्म आहे तर मग गाडी का येत नाही तिथून.

विहीर केव्हा बंद होणार? तर तेल सरून नळीतून जवळजवळ पाणीच यायला लागेल तेव्हा. साऱ्या जगात विहिरीला पाणी लागलं की लोक आनंद करतात आणि तेलाच्या विहिरीला लागलं की कपाळाला हात लावतात. आमचं घर तेलविहिरीवर जगत होतं आणि तरी रोज पाण्याचीच वाट बघत होतं. सकाळी मीटरचे आकडे शेडमध्ये यायचे आणि वहिनी ते तपासायच्या. संध्याकाळी त्या चपला काढत असतानाच सासूबाई विचारायच्या, "आज किती झालं गं पाणी?" वहिनी आकडा सांगायच्या. सासूबाईंना टक्के-बिक्के कळत नसत. कालच्यापेक्षा वर की खाली, एवढंच त्या चेहऱ्यावरून ओळखायच्या.

एकदा घराची किल्ली द्यायला मी शेडमध्ये गेले होते. मोठाल्या टाक्या, जमिनीला समांतर फिरून पुन्हा टाकीत येणारी लांबलचक नळी आणि त्या नळीच्या मधोमध पांढरा तुकडा बसवलेलं नवं मीटर. वहिनी किती तेल, किती खारं पाणी सोडायचं ते ठरवत, मिश्रण नळीतून फिरवत आणि मीटर तेवढंच सांगतं का ते बघत. पंपांच्या घरघरीत बोलणं ऐकू येत नव्हतं. त्यांनी मला हाताला धरून कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत नेलं आणि पडदा दाखवला. त्यावर समुद्रातल्या त्या विहिरीची रेघ चालली होती, बारीक थरथरणारी. एका जागी रेघ खाली वाकून परत वर आली होती.

"हे तुझे दादा," त्या म्हणाल्या.

मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं की रोज सकाळी दादा मीटरच्या अलीकडची झडप थोडी फिरवून बघतात, अडकली नाही ना म्हणून. तेवढ्यापुरता प्रवाह कमी होतो आणि रेघेत खड्डा पडतो. दुसऱ्या कोणी फिरवली तर खड्डा ओबडधोबड येतो. दादांचा हात हलका आहे, म्हणून त्यांचा खड्डा गोल. हे सांगताना त्यांनी बोट पडद्याला लावलं नाही, नुसतं जवळ नेलं. मी किल्ली देऊन घरी आले. त्या रात्री माझा नवरा शेजारी घोरत होता आणि मला त्याचा पहिल्यांदाच राग आला नाही.

मग एका वर्षी पाणी भराभर चढायला लागलं. आधी महिन्याला जेवढं वाढायचं तेवढं आठवड्यात वाढू लागलं. सासूबाईंनी प्रश्न विचारणं सोडलं, कारण वहिनी दारातूनच सांगायच्या. दादा नसल्यामुळे त्यांची मोठी खोली मी आणि माझा नवरा वापरत होतो आणि वहिनी सासूबाईंजवळ झोपायच्या; ती खोली रिकामी करून दिली. माझं शिलाई मशीन बाहेरच्या पॅसेजमध्ये आलं. माझ्या नवऱ्याने भिंती रंगवल्या आणि रंग उरला म्हणून जिन्याचा कठडाही रंगवून टाकला. शेजारणीने कसली तयारी चाललीय म्हणून विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "आमच्या विहिरीला पाणी लागलंय." शेजारण चकित. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांची विहीर कुठली?

साहेबांनी सांगितलं, मीटर म्हणतंय ते तिथे बाटली भरूनही पडताळलं आहे, जुळतंय. पुढच्या महिन्यात विहीर बंद करायचा निर्णय होईल. बाटल्या भरायचं काम अर्थातच दादांकडे होतं.

याच आनंदात वहिनी गप्प झाल्या. जेवताना हात ताटात आणि मन कुठे. मी दोनतीनदा विचारलं. शेवटी म्हणाल्या, "कुठेतरी पाणी मुरतंय." मी हसले, कारण त्यांच्या तोंडी ते वाक्य म्हणजे विनोदच होता. त्या हसल्या नाहीत. मधे एकदा पंप दुरुस्तीसाठी विहीर थोडा वेळ थांबवली होती. तेव्हा नळीत निव्वळ वायू उरला होता, मीटरने पाणी दाखवायलाच नको होतं. पण त्याने दाखवलं. याचा अर्थ नळीच्या आत क्षाराचा ओला थर बसला होता. ते पाणी वाहत नव्हतं, भिंतीला चिकटलं होतं, पण लहरीला काय, तिला त्यातूनही जावं लागतंच. विहिरीत पाणी होतं, पण मीटर सांगत होतं तेवढं नव्हतं.

"मग बाटली कशी जुळली?" मी विचारलं.

त्या ताट उचलून मोरीकडे गेल्या. त्यांच्याही मनात तोच प्रश्न होता, हे मला उशिरा उमगलं.

रविवारी दुपारी त्यांनी दादांना फोन लावला. मी पॅसेजमध्ये परकर शिवत होते. मला एकच बाजू ऐकू येत होती. आधी तब्येत, आईचं गुडघेदुखीचं औषध, रंगाचा वास अजून जात नाही, असं सगळं झालं. मग त्या म्हणाल्या, "बाटली कुठून भरलीस? उभ्या नळीवरून की आडव्या?"

माझं मशीन आपोआप थांबलं. उभ्या नळीत तेल-पाणी नीट मिसळलेलं असतं, म्हणून बाटली तिथूनच भरायची असा नियम. आडव्या नळीच्या तळाशी पाणी साचतं, तिथल्या तोटीतून घेतलं की बाटलीत पाणीच जास्त येतं. दादांसारख्या जुन्या फिटरला हे न कळण्यासारखं नव्हतं.

वहिनी नव्या रंगवलेल्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"प्रत्येक वेळी?" त्यांनी विचारलं. मग थोड्या वेळाने, "बरं." आणि त्यानंतर अगदी नेहमीच्या सुरात, "जेवलास का?"

फोन ठेवून त्या मोठ्या खोलीत जाऊन बसल्या. मी मागोमाग गेले. मी जे बोलले ते मनापासून बोलले, आजही मला त्यात काही वावगं वाटत नाही. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही काहीच केलेलं नाही. मीटर चुकलं, त्यांनी बाटली चुकीची भरली, तुम्ही फक्त गप्प बसायचं. कोणाचं काय जाणार आहे? ती विहीर आज ना उद्या मरणारच. माणूस घरी येतोय.

"मलाही सकाळपासून हेच वाटतंय," त्या म्हणाल्या. "पण एकदा कळलं की आकडा खोटा आहे, तर मला तो खरा वाटतच नाही. तो आला तरी मला वाटत राहील की अजून तिथेच आहे." मग म्हणाल्या, "आणि उद्या दुसऱ्या कोणी ते मीटर उघडलं, थर बघितला, तर पहिला प्रश्न बाटली भरणाऱ्यालाच विचारतील."

सोमवारी त्यांनी साहेबांना सांगितलं की मीटर आतून माखलंय, काढून साफ करायला हवं, आणि तोवर बाटल्या उभ्या नळीवरून, दोन माणसांच्या देखत भराव्यात. आधीच्या बाटल्यांबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. साहेबांना आमच्या घरची वाट पाहणं माहीत होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि एवढंच विचारलं, "नक्की?" वहिनी म्हणाल्या, नक्की. मीटर उघडलं. आत बोटाच्या पेराएवढा थर होता. साफ केल्यावर आकडा धाडकन खाली आला आणि विहीर चालूच ठेवायचं ठरलं.

आमच्या घरात मात्र विहीर आटल्यासारखं झालं. सासूबाईंनी वहिनींशी अबोला धरला. त्यांना बाटली-बिटली काही माहीत नव्हतं, वहिनींनी सांगूच दिलं नाही. त्यांच्या लेखी एवढंच की मुलगा उंबरठ्यापर्यंत आला होता आणि सुनेने दार लावलं. माझ्याकरवी निरोप चालायचे. तिला सांग, गॅस संपत आलाय. आईंना सांग, मागवलाय. मी मधे उभी, दोघी माझ्यापासून हातभर अंतरावर. दादांचे फोनही बंद झाले. मोठी खोली रंगवलेली, आवरलेली, आणि वहिनी तिच्यात पलंगाच्या एका कडेला झोपायच्या, दुसऱ्या कडेची चादर सकाळी तशीच कडक.

मी एकदा न राहवून विचारलं, आता कसं कळतं तुम्हाला ते बरे आहेत म्हणून. त्या म्हणाल्या, "खड्डा पडतो ना रोज." त्या काळात नवऱ्याची एवढीच खुशाली त्यांना मिळत होती. एकदा दोन दिवस खड्डा ओबडधोबड आला, तेव्हा त्यांनी घासही खाल्ला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आल्या, "आज गोल" एवढंच म्हणाल्या आणि कांदा चिरायला बसल्या. डोळ्यातल्या पाण्याचं कारण आयतं मिळालं.

अबोला सासूबाईंनीच मोडला. काही कारण घडलं नव्हतं. एका संध्याकाळी वहिनी चपला काढत होत्या आणि सासूबाई वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाल्या, "आज किती झालं गं पाणी?" वहिनी दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. मग आकडा सांगितला.

दादा सुट्टीवर आले ते ठरल्या वेळेलाच. पहिले दोन दिवस त्यांनी स्वयंपाकघराचा कुरकुरणारा खण दुरुस्त केला, गॅलरीचा कडी-कोयंडा बदलला, माझ्या मशीनला तेल घातलं. वहिनींशी लागेल तेवढंच बोलले. तिसऱ्या दिवशी आम्ही चौघं टेबलाशी बसलो असताना, सासूबाई झोपल्यात याची खात्री करून ते म्हणाले, "मला वाटलं होतं, तू बघून न बघितल्यासारखं करशील."

"मलाही तसंच वाटलं होतं," वहिनी म्हणाल्या.

माझ्या नवऱ्याने मला डोळ्याने खुणावलं आणि आम्ही दोघं भाजी आणायला म्हणून बाहेर पडलो. घरात भाजी भरपूर होती. परतलो तेव्हा दादा भांडी विसळत होते आणि वहिनी पुसत होत्या, आणि बोलणं कुठल्या तरी झडपेचं चाललं होतं.

त्यानंतर आणखी काही वर्षं गेली. या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, आणि तेच त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं आहे. मला मुलगी झाली, ती चालायला लागली, शाळेत गेली. काका म्हणजे फोनमधला आवाज, असं ती समजायची. वहिनींचे केस कानांपाशी पांढरे झाले. पाणी चढत होतं, पण मुंगीच्या पावलांनी, आणि आता घरात कोणी त्यावर आशेचे इमले बांधत नव्हतं. शेवटी पाणी खरोखर भरलं. मीटर साफ, बाटली उभ्या नळीवरची, दोन्ही जुळलेलं. विहीर बंद झाली आणि दादा दोन पिशव्या घेऊन घरी आले. सासूबाई जिन्यापर्यंत काठी टेकत गेल्या. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, किती वाळलास. दादा चांगले जाडजूड झाले होते.

सगळं मनासारखं झालं, असं मला इथे लिहायला आवडलं असतं. पण दादांना शांततेत झोप लागेना. इतकी वर्षं यंत्रांच्या घरघरीत निजलेला माणूस, तो पंखा पूर्ण वेगाने लावायचा आणि वहिनी पांघरूण घेऊन कुडकुडायच्या. ते मोठ्याने बोलायचे. दोघं संध्याकाळी समोरासमोर बसली की विषय संपायचे. पण सकाळी दादा वर्कशॉपमधून शेडमध्ये वहिनींना फोन करायचे, मधे फक्त एक अंगण होतं तरी, आणि फोनवर दोघं मनसोक्त बोलायची. शेडमधल्या बायकांनी ते हेरलं आणि खूप दिवस चिडवलं.

मग दादांनीच काढलं की हिला समुद्र दाखवून आणूया. आम्ही दोघं आणि मुलगीही बरोबर गेलो. किनाऱ्यावर दगडी धक्का होता, त्याच्या टोकाला चहाची टपरी. दादांनी हात लांब करून एक दिशा दाखवली. तिथे काहीच नव्हतं. प्लॅटफॉर्म इतका आत होता की किनाऱ्यावरून कधीच दिसला नसता. वहिनी तरी त्या बाजूला बघत राहिल्या. दादा चहा आणायला गेले, मुलगी त्यांच्यामागे पळाली, माझा नवरा तिच्यामागे.

वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला वाटायचं, हा घरी आला की ही हुरहुर जाईल. गेली नाही. आता हा समोर असतो आणि मला त्या वर्षांतला हा हवासा वाटतो. तिथला, झडपेपाशी उभा असलेला. त्याला मी कधी बघितलंच नाही. तो कसा दिसत होता, दाढी करत होता का, थंडी वाजत होती का. ते आता कुठून आणायचं?"

मी त्यांचा हात धरला. हात गार होता.

दादा कागदी पेले घेऊन आले. पहिला वहिनींना दिला. त्यांनी घोट घेतला, मग आणखी एक घेतला. घरी चहा मीच करते, त्यामुळे दादांना माहीत असायचं कारण नव्हतं.

"मी साखर सोडली रे," वहिनी म्हणाल्या. "बरीच वर्षं झाली."

"कधी?"

"तू तिकडे होतास तेव्हा."

दादांनी पेला त्यांच्या हातातून घेतला. बिनसाखरेचा करून आणतो म्हणाले आणि धक्क्यावरून टपरीकडे परत चालायला लागले. वहिनी या वेळी समुद्राकडे न बघता त्यांच्या पाठीकडे बघत होत्या. मग त्यांनी पदर खोचला आणि, थांब, मी पण येते, असं म्हणत त्यांच्यामागे गेल्या.